हाडातला नायट्रोजन आणि एका अस्वलाचा शेवट

रोमेनियाच्या नैर्ऋत्येला, कार्पेथियन डोंगरांत, अनिना गावाजवळ एक गुहा आहे. ‘पेश्तेरा कू ओआसे’ तिचं नाव, म्हणजे हाडांची गुहा. तिथं सरळ चालत जाता येत नाही. जमिनीखालच्या नदीच्या वाटेनं जायचं, पाणी छताला टेकलेलं असेल तिथं डुबकी मारून पलीकडं निघायचं आणि मग दोर लावून वर चढायचं. 2002 मध्ये गुहा धुंडाळणारे काही जण असे आत पोचले आणि त्यांना माणसाचा एक खालचा जबडा मिळाला. तो सुमारे 40,000 वर्षांपूर्वीचा निघाला. युरोपातल्या आधुनिक माणसाच्या सर्वांत जुन्या अवशेषांमध्ये त्याची गणना होते. पुढं 2015 मध्ये त्यातला डीएनए वाचला गेला, तेव्हा त्या माणसाच्या चार ते सहा पिढ्या आधीचा एक पूर्वज चक्क निअँडर्थल, म्हणजे आज नामशेष झालेल्या वेगळ्या मानवजातीतला होता असं दिसलं. साहजिकच सगळी चर्चा त्या जबड्याभोवती झाली.

पण त्या गुहेचा खरा धनी माणूस नव्हता. जबड्याच्या आजूबाजूला हजारो हाडांचा खच पडला होता आणि त्यातली बहुतेक एकाच जनावराची होती: गुहा-अस्वल, शास्त्रीय नाव उर्सस स्पेलेयस. हे अस्वल आज जगात कुठंही नाही. ओआसेतल्या हाडांवरून त्याच्या आहाराबद्दल एक वाद उभा राहिला आणि तो मिटायला बारा वर्षं लागली. तो वाद इथं सविस्तर मांडतो आहे. हे जनावर काय खात होतं हे नीट कळल्याशिवाय ते का संपलं याचं कुठलंही उत्तर अर्धवट राहतं, असं माझं मत आहे.

हाडांचे ढीग कसे साचले

गुहा-अस्वल युरोपात लाखो वर्षं होतं. नर 400-500 किलोंपर्यंत भरायचा, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. डोकं मोठं आणि कपाळ घुमटासारखं उठलेलं. त्या कपाळाकडं आपल्याला पुन्हा यायचं आहे.

नावात गुहा आहे म्हणून ते बारमाही गुहेत राहायचं असं नाही. उन्हाळा बाहेर चरण्यात जायचा आणि थंडीचे महिने गुहेत शीतनिद्रेत. शरद ऋतूत अंगावर पुरेशी चरबी चढली नाही तर ते जनावर झोपेतच मरायचं. म्हणून गुहांमधल्या हाडांत पिल्लं, वर्षा-दोन वर्षांची अस्वलं आणि दात झिजलेली म्हातारी अस्वलं जास्त सापडतात. एखाद्या हिवाळ्यात एक मेलं, दहा वर्षांनी आणखी एक, असं हजारो वर्षं चाललं तरी ढीग केवढा होईल! ऑस्ट्रियात मिक्सनित्सजवळ ‘ड्राखेनह्योले’ म्हणजे ड्रॅगनची गुहा आहे. पहिल्या महायुद्धानंतर देशात खताची टंचाई होती, तेव्हा 1920 ते 1923 या काळात त्या गुहेतली माती फॉस्फेटसाठी खणून नेली गेली. ते फॉस्फेट मुख्यतः अस्वलांच्या हाडांमुळंच तयार झालेलं होतं. त्या हाडांवर शतकानुशतकं ड्रॅगनच्या कथा पोसल्या गेल्या होत्या. अखेरीस ती शेतांत पसरली गेली.

ही हाडं ड्रॅगनची नाहीत, एकशिंग्या घोड्याचीही नाहीत, हे ठरायला अठरावं शतक संपत आलं. बव्हेरियातल्या गाइलेनरॉइट भागातल्या गुहेतल्या हाडांचं वर्णन योहान फ्रीडरिश एस्पर यांनी 1774 मध्ये छापलं. 1794 मध्ये योहान क्रिस्टियान रोझेनम्युलर यांनी तिथल्याच कवटीवरून या अस्वलाला आजचं नाव दिलं.

दात काय म्हणतात

प्राणी काय खात होता हे विचारायची पहिली जागा म्हणजे त्याचं तोंड. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मेळघाटात किंवा ताडोब्यात दिसणाऱ्या अस्वलाला वरचे मधले दोन पटाशीचे दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी हवेबरोबर खेचून घेतं. उद्या हे अस्वल नुसतं हाडांच्या रूपात कुणाच्या हाती लागलं, तरी ती फट पाहून जाणकार माणूस अंदाज बांधेल की याचं जेवण काहीतरी वेगळं होतं.

गुहा-अस्वलाच्या तोंडात सुळ्यांच्या मागच्या पहिल्या तीन उपदाढा सहसा नसतातच. मागच्या दाढा मात्र रुंद, लांबट आणि उंचवट्यांनी भरलेल्या, जात्याला टाकी लावल्यासारख्या. मांस कापायला असे दात कामाचे नाहीत, पाला आणि कंद रगडायला आहेत. त्यामुळं हे अस्वल प्रामुख्यानं शाकाहारी असावं असा अंदाज फार आधीपासून होता. पण दातांवरून प्राण्याला काय खाता येईल एवढंच कळतं. त्यानं प्रत्यक्ष काय खाल्लं हे कळायला हाडाच्या आत शिरावं लागतं.

एक आकडा आणि त्याचे तीन अर्थ

हाडाचा लहानसा तुकडा आम्लात ठेवला की त्यातलं खनिज विरघळतं आणि कोलॅजेन हे प्रथिन मागं उरतं. थंड, अंधाऱ्या गुहेत ते हजारो वर्षं टिकतं. या प्रथिनात नायट्रोजन असतो आणि त्याचे दोन स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे प्रकार असतात: नायट्रोजन-14 आणि किंचित जड नायट्रोजन-15. शरीर नको असलेला नायट्रोजन मूत्रावाटे टाकतं तेव्हा हलका जास्त बाहेर जातो, जड थोडा जास्त मागं राहतो. म्हणून गवतापेक्षा हरणाच्या अंगात नायट्रोजन-15चं प्रमाण अधिक आणि हरणापेक्षा लांडग्याच्या अंगात त्याहून अधिक. अन्नसाखळीच्या दर पायरीला हा आकडा साधारण 3 ते 5 प्रतिहजार इतका चढतो.

1990च्या दशकापासून फ्रेंच शास्त्रज्ञ एर्वे बोशेरां आणि इतरांनी पश्चिम आणि मध्य युरोपातल्या गुहा-अस्वलांचे असे आकडे काढले. ते खालचे निघाले. घोडा, हरीण अशा उघड शाकाहारी प्राण्यांच्या बरोबरीचे, कधी त्यांच्याही खाली. दात आणि कोलॅजेन एकच गोष्ट सांगत होते.

आणि मग ओआसे आलं. 2008 मध्ये माइकल रिचर्ड्स, एरिक ट्रिंकाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुहेतल्या अस्वलांचे आकडे प्रसिद्ध केले. इथल्या बऱ्याच अस्वलांत नायट्रोजन-15 चढा होता, शाकाहारी प्राण्यांच्या पट्ट्यात न बसणारा. लेखकांनी निष्कर्ष काढला की निदान ओआसेची अस्वलं मिश्राहारी होती, मांस किंवा मासे त्यांच्या जेवणात बऱ्यापैकी होते. म्हणजेच हे जनावर आजच्या तपकिरी अस्वलासारखं लवचीक होतं. निष्कर्ष महत्त्वाचा होता. अस्वल जर मिळेल ते खाऊ शकत होतं, तर उपासमारीनं संपलं हे म्हणणं लंगडं पडतं.

त्याच वर्षी त्याच नियतकालिकात स्पेनच्या ऑरोरा ग्रांदाल यांनी सहकाऱ्यासह छोटं उत्तर छापलं. त्यांचा मुद्दा मला फार मार्मिक वाटतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही अस्वलाचं जेवण वाचता आहात, पण ते जनावर वर्षातले कित्येक महिने जेवतच नव्हतं. शीतनिद्रेत अस्वल खात नाही, पीत नाही, लघवीही करत नाही. मूत्रातून जाणारा युरिया शरीर परत फिरवतं आणि त्यातल्या नायट्रोजनपासून पुन्हा प्रथिनं बनवतं. अशा बंद चक्रात राहिलेल्या शरीराचा आकडा मांस न खाताही वर सरकू शकतो.

याला जोडून आणखी दोन गोष्टी. पिल्लं ऐन हिवाळ्यात, गुहेतच जन्मतात आणि आईच्या दुधावर वाढतात. दूध म्हणजे आईच्या शरीरातून तयार झालेलं अन्न, त्यामुळं पिल्लाचा आकडा आईपेक्षा एक पायरी वर दिसतो, जणू ते आईलाच खाऊन जगत होतं. आणि दुसरी म्हणजे जमीन. वनस्पतींमधला नायट्रोजन सगळीकडं सारखा नसतो. माती, पाऊस, तापमान बदललं की गवताचाच आकडा बदलतो. एका खोऱ्यातलं शाकाहारी जनावर दुसऱ्या खोऱ्यातल्या मांसाहारी जनावरासारखं दिसू शकतं.

म्हणजे ओआसेच्या त्या एका चढ्या आकड्याचे तीन अर्थ निघत होते: मांस, झोप किंवा माती. कोलॅजेनचा एकत्रित आकडा कितीही वेळा मोजला तरी हे तीन अर्थ वेगळे होणार नव्हते.

गाठ सुटली कशी

उपाय निघाला तो आकडा फोडण्यातून. कोलॅजेन अनेक अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनाच्या लहान घटकांचं बनलेलं असतं. त्यातलं ग्लुटॅमिक आम्ल अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला जवळपास 8 प्रतिहजारांनी चढतं. फेनिलअ‍ॅलानिन मात्र जवळपास जागचं हलत नाही, मुळात वनस्पतीत जे होतं तेच पुढं नेतं. एकात पायरीची नोंद, दुसऱ्यात मातीची. एकाच हाडातून दोन्ही मोजली आणि फरक काढला की प्राणी कितव्या पायरीवर उभा होता ते कळतं, मग त्या खोऱ्यातली माती कशीही असो.

जपानी शास्त्रज्ञ यूइची नाइतो यांनी बोशेरां यांच्यासोबत ही पद्धत गुहा-अस्वलांना लावली. 2016 मध्ये बेल्जियमच्या गोये गुहेतली अस्वलं तपासली गेली आणि ती शुद्ध शाकाहारी निघाली. तरी प्रश्न उरलाच, कारण तिथला आकडा आधीपासूनच खालचा होता. खरी परीक्षा रोमेनियातच व्हायची होती. 2020 मध्ये नाइतो, बोशेरां आणि रोमेनियातले संशोधक मिळून तिथल्या गुहा-अस्वलांकडं वळले, चढा आकडा असलेली जनावरंही त्यांनी घेतली. उत्तर तेच आलं. ही अस्वलं शाकाहारी प्राण्यांच्या पायरीवरच होती. चढा आकडा मांसाचा नव्हता.

2008चा निष्कर्ष ‘चूक’ म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. मोजमाप अचूकच होतं. त्याचं वाचन करताना जनावराच्या शरीराचा आणि पायाखालच्या जमिनीचा हिशेब अपुरा राहिला. आणि तो प्रश्न छापून आला नसता तर रोमेनियाची अस्वलं इतक्या बारकाईनं कुणी तपासलीही नसती.

घुमटासारख्या कपाळाची किंमत

आता त्या कपाळाकडं येतो. घुमटाच्या आत मेंदू नव्हे, पोकळ्या होत्या, आपल्यालाही असतात तशा सायनसच्या, पण प्रचंड. 2020 मध्येच स्पेनच्या मालागा विद्यापीठातले आलेहांद्रो पेरेझ-रामोस, बोर्हा फिगेइरिदो आणि सहकाऱ्यांनी कवट्यांचे सीटी स्कॅन घेऊन संगणकावर त्यांना वेगवेगळ्या दातांनी चावायला लावलं आणि हाडावर ताण कुठं येतो ते पाहिलं. या मोठ्या पोकळ्यांचा संबंध लांब शीतनिद्रेत शरीराचा वेग मंद ठेवण्याशी असावा, असं त्यांचं म्हणणं आहे. हिमयुगाचे लांब हिवाळे काढायला ते वरदानच. पण पोकळ्या वाढल्या तशी कवटीची रचना बदलली आणि पुढच्या दातांनी, सुळ्यांनी जोर लावून चावलं की कपाळावर जास्त ताण येऊ लागला. सुरक्षितपणे चावता यायचं ते फक्त मागच्या दाढांनी.

थोडं थांबून याचा अर्थ पाहा. शिकार धरायची, मांस ओढून फाडायचं, तर पुढचे दात लागतात. या अस्वलानं झोपेसाठी जी कवटी कमावली, तिनं त्याचं जेवण पाल्यावर कायमचं बांधून टाकलं. पाला कमी पडला तर मांसाकडं वळायची वाट त्याच्या हाडांनीच बंद केली होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: सगळं रान एकाच पिकाखाली असलं की एक वाईट साल पुरतं. तपकिरी अस्वल मात्र मुळं, फळं, मुंग्या, मासे, मेलेलं जनावर, जे हाती लागेल त्यावर निभावतं.

मग ते थंडीनं संपलं का?

इथवर वाचून कुणी म्हणेल की उत्तर मिळालंच. थंडी वाढली, झाडोरा घटला, शाकाहारी अस्वल उपाशी मेलं. हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, आणि त्याचं कारणही हाडांतच आहे.

या अस्वलानं थंडी काही पहिल्यांदा पाहिली नव्हती. त्याच्या वंशानं याआधीची हिमयुगं काढली होती, तीही याच दातांनिशी. प्रश्न असा की शेवटच्या खेपेला वेगळं काय होतं? 2010 मध्ये माथिआस श्टिलर आणि सहकाऱ्यांनी जुन्या डीएनएवरून दाखवलं की गुहा-अस्वलांची जनुकीय विविधता नामशेष होण्याच्या सुमारे 25,000 वर्षं आधीपासूनच ओसरत होती. त्याच काळात तपकिरी अस्वलांची स्थिती टिकून होती. 2019 मध्ये योस्चा ग्रेट्झिंगर, फेरेना श्यूनेमान, बोशेरां आणि इतरांनी स्वित्झर्लंड, पोलंड, फ्रान्स, स्पेन, जर्मनी, इटली आणि सर्बियातल्या हाडांतून 59 अस्वलांच्या मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचे) जीनोम, म्हणजे त्यातला सगळा डीएनए, वाचले. त्यांच्या हिशेबात मोठी घसरण सुमारे 40,000 वर्षांपूर्वी सुरू होते. हिमयुगाची सर्वांत कडक थंडी त्यानंतर कितीतरी हजार वर्षांनी आली. आणि 40,000 वर्षांपूर्वीचा काळ म्हणजे आधुनिक माणूस युरोपभर पसरण्याचा काळ. ओआसेतल्या त्या जबड्याचाही.

दोन अभ्यासांतली सुरुवातीची वर्षं जुळत नाहीत. अशा गणितांत काही हजार वर्षं इकडंतिकडं होणारच, पण दोन्ही एका गोष्टीवर ठाम आहेत: ऱ्हास सर्वांत कडक थंडीच्या बराच आधी सुरू झाला.

माणसानं नेमकं काय केलं? दक्षिण जर्मनीत श्वेबिश आल्बच्या डोंगरात होले फेल्स नावाची गुहा आहे. तिथं गुहा-अस्वलाचा पाठीचा एक मणका मिळाला, त्यात गारगोटीच्या हत्याराचं टोक रुतून तुटलेलं. सुमारे 30,000 वर्षांपूर्वी कुणीतरी ते अस्वल मारलं होतं. जर्मनीतल्याच ट्युबिंगनच्या संशोधक सुझान म्युन्झेल यांनी त्या भागातल्या हाडांवर कातडं सोलल्याच्या आणि मांस कापल्याच्या खुणाही दाखवल्या आहेत. झोपलेलं किंवा हिवाळा संपता संपता अशक्त झालेलं अस्वल गुहेतच गाठणं मोकळ्या रानात गाठण्यापेक्षा सोपं.

तरी मला शिकारीपेक्षा जागेचा प्रश्न मोठा वाटतो. माणसालाही त्याच गुहा हव्या होत्या. निअँडर्थलही गुहा वापरत, पण ते थोडे होते आणि अस्वलं त्यांच्याबरोबर फार दीर्घ काळ नांदली. नवा माणूस संख्येनं जास्त होता आणि गुहेत पुन्हा पुन्हा येत होता. फ्रान्समधल्या शोवे गुहेत जवळपास 190 अस्वलांच्या कवट्या पडल्या आहेत आणि त्याच गुहेच्या भिंतींवर माणसानं काढलेली अस्वलांची चित्रं आहेत. एक कवटी कुणीतरी उचलून छतावरून कोसळलेल्या दगडावर नीट ठेवलेली आहे. ती का ठेवली, याचे तर्क अनेकांनी केले. त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की तिथं दोघंही येत होते.

आणि गुहा सुटली तर अस्वल दुसरीकडं जाईल, असं म्हणावं तर वायव्य स्पेनमधली हाडं आडवी येतात. 2016 मध्ये ग्लोरिया फोर्तेस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एकमेकींपासून फारशा लांब नसलेल्या गुहांमधल्या अस्वलांचा डीएनए तपासला. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळं त्यावरून माहेरची ओळख पटते. जवळजवळ प्रत्येक गुहेची ओळख वेगळी निघाली. म्हणजे अस्वलं पिढ्यान् पिढ्या आपल्या जन्मगुहेकडंच परतत होती, चार कोसांवरची दुसरी गुहा रिकामी असली तरी. त्याच भागातल्या तपकिरी अस्वलांत असा नेम दिसला नाही. ती जिथं सोय होईल तिथं झोपत.

आता हे सगळं एकत्र ठेवा. जेवणात पर्याय नाही. हिवाळा झोपूनच काढायचा, त्याला दुसरा इलाज नाही. झोपायची जागाही ठरलेली. एवढी घट्ट घडी बसलेलं जनावर लाखो वर्षं उत्तम जगलं, कारण त्याची गुहा त्याच्याकडून कुणी मागत नव्हतं. माणूस आला आणि कळप तुटक झाले, खोऱ्याखोऱ्यांत अडकले. मग थंडी वाढून पाला घटला तेव्हा एका खोऱ्यातली कमी दुसऱ्या खोऱ्यातून भरून निघाली नाही. थंडी आणि माणूस यांतला एकच दोषी शोधायचा आग्रह मला म्हणूनच चुकीचा वाटतो. पण पहिला धक्का कुणाचा असं कुणी विचारलंच, तर मी माणसाकडं बोट दाखवीन.

शेवट एका दिवसात झाला नाही. बराच काळ सुमारे 28,000 वर्षांपूर्वीचा अंत धरला जात होता. 2019 मध्ये इटलीच्या ईशान्येकडच्या, व्हिचेन्झाजवळच्या टेकड्यांतल्या हाडांवरून तिथली अस्वलं सुमारे 24,000 वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होती असं दिसलं. आल्प्सच्या दक्षिणेला, जरा ऊब आणि जरा हिरवळ उरली होती तिथं.

तपकिरी अस्वल मात्र आजही अनिनाच्या डोंगरांत आहे. रशिया सोडला तर युरोपात सर्वांत जास्त अस्वलं रोमेनियातच आहेत. 2018 मध्ये अ‍ॅक्सेल बार्लो आणि सहकाऱ्यांनी तपकिरी अस्वलांचे जीनोम गुहा-अस्वलांच्या जीनोमशी ताडून पाहिले. दोन जातींचा कधीकाळी संकर झाला होता आणि आजच्या तपकिरी अस्वलांच्या जीनोमपैकी 0.9 ते 2.4 टक्के भाग गुहा-अस्वलाकडून आलेला आहे.